आक्कांची म्हैस आणि भाचीचा श्वास

समस्त गल्लीकर बंधू-भगिनींना, तसेच दुधाला येणाऱ्या पाव्हण्यारावळ्यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की, आक्कांच्या म्हशीला कोणाचीही दृष्ट लागलेली नाही. रोज संध्याकाळी तिच्यासमोर खुर्च्या मांडून बसणारी चार माणसे तिला विकत घ्यायला आलेली नाहीत, तिचे दूध आटवायला आलेली नाहीत, आणि त्यांच्या डोक्यावर परिणामही झालेला नाही. ती फक्त श्वास घेत आहेत. तरी सर्वांनी सहकार्य करावे, ही नम्र विनंती.

ही घोषणा मी स्वतः केली. गल्लीतल्या तरुण मंडळाचा कर्णा मागून आणला, पदर खोचला आणि ताईच्या घराच्या पायरीवर उभी राहिले. हौशी नाटकांत मी राण्या केल्यात, खाष्ट सासवा केल्यात, एकदा तर मिशा लावून न्यायाधीशही केलाय. पण त्या संध्याकाळसारखी शांतता मला कुठल्याच प्रेक्षकांनी दिली नव्हती. शेवटी कोपऱ्यावरच्या सायकल दुकानदाराने पाना खाली ठेवून विचारलं, "मावशी, श्वास घ्यायला म्हस कशाला लागतीया?"

प्रश्न रास्त होता. उत्तर जरा लांबचं आहे.

माझी भाची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती स्वमग्न आहे. बोलते मोजकं, पण जे बोलते ते खणखणीत, समोरचा माणूस खाटेवर असो की दोन गल्ल्या पलीकडे. डोळ्यांत बघून बोलणं तिला आवडत नाही आणि कानावर अचानक आदळणारे आवाज तर अजिबात सोसत नाहीत. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी नुसती फुसफुस सुरू झाली, की ही गच्चीवर पोचलेली. आणि अशा मुलीला वेड कशाचं असावं? फुटबॉलचं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे कोल्हापुरात कुस्तीचं नाव मोठं, पण पेठापेठांतली खरी भांडणं फुटबॉलवरून होतात. एकेका तालमीची एकेक टीम. मॅच असली की अर्धं गाव स्टेडियमवर. हलग्या, फटाके, शिट्ट्या, आणि समोरच्या टीमच्या पूर्वजांची मनापासून केलेली आठवण. त्या वर्षांत मॅचेस लोकल केबलवर दाखवायचे. भाची टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून, फरशीवर मांडी घालून त्या बघायची. कोणाचा डावा पाय चालतो, कोण पास द्यायच्या आधी खांदा पाडतो, सगळं तिला ठाऊक. खेळाडूंची नावं तिने कधी घेतली नाहीत, नंबर घ्यायची. "अकरा नंबर आज लंगडतोय," असं ती म्हणाली की दहा मिनिटांत अकरा नंबर बाहेर यायचा. आणि मॅच संपली की ठरलेलं वाक्य, "स्टेडियमवर जायचं."

एकदा नेलं होतं तिला, बारा वर्षांची असताना. पहिल्याच गोलला कोणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि ती बापाच्या हातातून निसटली. अख्खं स्टेडियम पालथं घातल्यावर ती बाहेर, उसाच्या रसाच्या गाड्याखाली सापडली, कानांवर हात दाबून, गुडघ्यांत डोकं घालून. रसवाला भला माणूस. त्याने चरक थांबवला होता आणि गिऱ्हाइकांना "आज रस न्हाय" म्हणून परत पाठवत होता. त्या दिवशी ताईने घरात जाहीर केलं, "परत कुणी स्टेडियमचं नाव काढायचं न्हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. भाचीने मात्र नाव काढणं सोडलं नाही. रोज जेवण झाल्यावर हात पुसता पुसता म्हणायची, "स्टेडियमवर जायचं." हट्ट नाही, रडणं नाही. बस किती वाजता आहे हे विचारावं तसं. ताई ताटं उचलून आत निघून जायची. मोरीत ताटं जरा जास्तच आपटायची.

आता दाजी. म्हणजे ताईचे यजमान, भाचीचे वडील. ते मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांत उभे असत. ढेपांच्या थप्प्यांमधून चालत, शंभर माणसांच्या गलक्यात आपली बोली सगळ्यांच्या वर न्यायची, हा त्यांचा रोजचा धंदा. त्याआधी तरुणपणी ते आमच्या पेठेच्या टीमचे गोलकीपर होते, आणि गोलकीपरने मागून सगळ्या टीमवर ओरडायचं असतं. थोडक्यात, त्या माणसाला आयुष्यात हळू बोलायची वेळच आली नव्हती. ते गावी फोन करत तेव्हा ताई म्हणायची, "फोन ठेवा खाली, नुसतं खिडकीत उभं ऱ्हावा. ऐकू जातंय बिद्रीला."

त्याच सुमाराला कळंब्याच्या बाजूला एका लहानशा विशेष शाळेत नवीन मॅडम आल्या. पंचविशीतल्या, मानसशास्त्र शिकलेल्या, मूळच्या कागलच्या. भाची त्याच शाळेत जायची. मी मास्तरीण, माझी सकाळची शाळा सुटली की तिला तिथून आणायचं काम माझ्याकडे, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

मॅडमकडे एक लॅपटॉप होता आणि त्याला जोडलेली एक वायर. वायरच्या टोकाला कपडे वाळत घालायच्या चिमट्याचं पिल्लू वाटावं असा चिमटा. तो कानाच्या पाळीला लावायचा, की हृदयाचे ठोके पडद्यावर रेघ होऊन धावायला लागायचे. मॅडमनी आम्हा पालकांना बसवून समजावून सांगितलं.

"हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. श्वास आत घेतला की ते थोडं पळतं, सोडला की थोडं रेंगाळतं. माणूस घाबरला की रेघ वेडीवाकडी होते. सावकाश, एकसारखा श्वास घेतला की तीच रेघ गोल गोल लाटांसारखी होते. आपल्या पुष्कळ मुलांना आपलं काळीज धडधडायला लागलंय हे आतून लवकर कळतच नाही. कळतं तेव्हा पळायची वेळ आलेली असते. ते पडद्यावर दिसलं, तर कदाचित आधी कळेल. कदाचित हां. मी जादू करते असं कुठं सांगू नका."

लाटा नीट आल्या की पडद्यावर एक रंगीत फुगा डोंगरावरून वर जायचा. लाटा मोडल्या की फुगा खाली.

भाचीने फुगा बघितला, चिमटा बघितला आणि दोन्ही कान झाकून घेतले. पहिले कित्येक दिवस तो चिमटा तिच्या ओढणीला लावलेला असायचा, मग बोटाला. कानाला लावायचा म्हटलं की ती माझ्याकडे बोट करायची, "आधी मावशी." म्हणून आधी मावशी.

मी ऐटीत खुर्चीवर बसले. मनात म्हटलं, शांत माणसाचा अभिनय करायचा आहे, त्यात काय? चेहरा प्रसन्न केला, पापण्या अर्ध्या मिटल्या, हात मांडीवर ठेवले. एखाद्या तपस्विनीचा प्रवेशच. पडद्यावर फुगा जमिनीला चिकटून बसला तो हललाच नाही. रेघ अशी होती की गाढवाने पेन धरावं.

"मावशी घाबरलीय," भाची म्हणाली.

"घाबरली नाहीये, मी शांत आहे!" मी ओरडले.

रेघ आणखी वर उडाली. भाची हसली. ती फार क्वचित हसते, आणि हसली की मान एका बाजूला टाकून हसते. मग तिने माझ्या कानाचा चिमटा काढला आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या कानाला लावला. तिकडे मॅडमनी तोंडावर हात ठेवला होता. मशीनला अभिनय कळत नाही, हे मी त्या दिवशी शिकले, आणि एवढा कठोर समीक्षक मला नंतर भेटला नाही.

मग एके दिवशी फुगा वर गेला. दाजी नेमके त्या दिवशी सौदे लवकर आटपून आले होते आणि आमच्या मागे बाकावर बसले होते. भाचीचा श्वास संथ झाला, रेघ गोल झाली, फुगा जमिनीवरून सुटला, डोंगराच्या कमरेपर्यंत आला. दाजी बाकावरून उठले.

"ये शाब्बास! वर! वर! अजून वर!"

खिडकीच्या काचा हलल्या. भाची टेबलाखाली गेली. फुगा तर कुठं गेला कोणालाच कळलं नाही.

"काका," मॅडम फार गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसता का?"

दाजी बाहेर गेले, पण खिडकी होती. आणि खिडकीशी एक बाप उभा राहिला की दुसरा येतो. आठवड्याभरात तिथं गॅलरी भरायला लागली. कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी, आत एकेक जण फुगा चढवतंय आणि बाहेर बाप लोक गजांना धरून मॅच बघतायत. आरडायला बंदी, म्हणून कुजबुजत भांडायचे.

"आमच्या पोराचा फुगा काल झाडाच्या वर गेलता."

"झाड कुठलं? ते झुडूप हाय. आमची पोरगी डोंगराला पोचलीया."

"काल लाईट गेली म्हणून ऱ्हायलं, न्हायतर आमचा ढगात असता."

पेठापेठांची सवय. कुठलीही दोन माणसं एका दिशेने बघायला लागली की त्यांच्या दोन टीम झाल्याच. आतल्या मुलांना या सामन्याचा पत्ताही नव्हता. एका मुलाला तर फुग्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला वायर आवडायची, तो ती गुंडाळायचा आणि सोडायचा. मॅडमनी त्याच्या बापाला सरळ सांगितलं, याला हे नको आहे, याच्यासाठी आपण वेगळं बघू. बाप थोडा वेळ हिरमुसला, मग दुसऱ्याच्या मुलाला पाठिंबा द्यायला खिडकीशी आला.

शेवटी मॅडमनीच डाव टाकला. सगळ्या बापांना आत बोलावलं आणि म्हणाल्या, "मुलांनी घरी रोज सराव करायचाय. घर शांत नसेल तर काय उपयोग? आजपासून तुम्हीपण चिमटा लावायचा."

दाजी पहिले बसले. गोलकीपर माणूस, पुढे होणारच. चिमटा लावला. रेघेने जो धिंगाणा घातला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. दाजींनी श्वास घेतला तो असा, की समोरचे कागद त्यांच्याकडे सरकले. फुगा ढिम्म.

"मशीन बिघडलंय," दाजी म्हणाले.

"पप्पा बिघडलेत," भाची म्हणाली.

आत आलेले बाकीचे बाप एवढे हसले, की मॅडमना तास बंद करावा लागला. पण मी दाजींकडे बघत होते. ते हसत नव्हते. स्कूटर काढताना मला म्हणाले, आणि चक्क हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी स्टेडियमवर तिचा हात माझ्याच हातात होता. मी गोल झाला म्हणून वरडलो, आन् हात वर केला. म्हणून सुटली ती." तीन वर्षांत ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. ताईलाही नाही. मी "चला, चहा घेऊ" म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दाजी घरच्या सरावाला बसायला लागले.

घरी मशीन नव्हतं. मॅडमनी सांगितलं होतं, पाच मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर. मोजायचं कोणी? मी मोजायला घेतलं तर भाची म्हणायची, "मावशी फास्ट." ताई मोजताना मधेच "भाताला फोडणी द्यायची ऱ्हायली" म्हणून उठायची. दाजींनी मोजलं तर ते सौद्यासारखं चढत जायचं. घड्याळाचा टिकटिक आवाज भाचीला खपायचा नाही. कोणीतरी पंख्याचा बेत सुचवला, हळू फिरणाऱ्या पंख्याचं पातं बघत श्वास घ्यायचा. पण संध्याकाळी लोडशेडिंग, पंखा निवांत. चार-पाच दिवस आम्ही नुसतेच धापा टाकत बसलो.

मग एका संध्याकाळी लाईट गेली, आणि भाची उठून ओट्यावर गेली. बराच वेळ आली नाही म्हणून आम्ही बघायला गेलो. समोरच्या घरातल्या आक्कांची म्हैस दावणीला बसली होती आणि रवंथ करत होती. भाची तिच्याकडे बघत होती, आणि तिचे खांदे इतके सावकाश वरखाली होत होते, की मॅडमच्या पडद्यावर सुद्धा मी तसे पाहिले नव्हते.

"पाच चावते, आत. पाच चावते, बाहेर," ती म्हणाली. "मग गिळते. थांबते."

आम्ही तिघं बघत राहिलो. खरंच. त्या म्हशीला कसली घाई नव्हती. जबडा डावीकडून उजवीकडे, एका चालीत, ना जलद ना मंद. मग घास खाली जायचा, गळ्यातून दुसरा वर यायचा, आणि पुन्हा तीच चाल. वीज लागत नाही, फोडणीसाठी उठत नाही. मॅडमना सांगितलं तर त्या एकदा स्वतः येऊन, स्टुलावर बसून बघून गेल्या. म्हणाल्या, "हे मला कुणी शिकवलेलं नाही, पण चालू ठेवा."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला आम्ही चौघं म्हशीसमोर. भाची मधे, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला दाजी आणि कडेला मी. चौघांच्या नजरा म्हशीच्या तोंडावर. तोंडातून शब्द नाही. आणि आमच्यासारख्या गल्लीत चार माणसं एकत्र बसून गप्प आहेत, म्हणजे काहीतरी भयंकर घडलेलं असतं.

"काय दाजी, म्हस घेताय काय?" जाणाऱ्या पहिल्या माणसाने विचारलं.

दाजींनी मान हलवली. बोलले नाहीत. बोलले नाहीत! माणूस घाबरून पुढे गेला.

दुसरा म्हणाला, "किंमत ठरंना व्हय? मी बोलू काय आक्कांस्नी?"

तिसऱ्या दिवशी बातमी आक्कांच्या कानावर गेली, आणि नेमकं त्याच आठवड्यात म्हशीचं दूध कमी झालं. आक्का साठीच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट, बोलणं त्याहून घट्ट. भर दिवसा ताईच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माझी म्हस पाहिजे हुती तर सरळ मागायची! बघून बघून आटवायची कशाला?"

"आक्का, तसं न्हाय वो..."

"मग कसं? चौघं चौघं बसतायसा, डोळं वटारून. आन् ही तुजी भन," म्हणजे मी, "ही तर बघता बघता मान डोलावती. परवा दुधानं चरवीचा तळ झाकंना! दिष्ट न्हाय तर काय हाय?"

त्या संध्याकाळी म्हशीच्या गळ्यात काळा दोरा, शिंगाला जुनी चप्पल आणि पुढ्यात गोणपाटाचा पडदा. आम्ही आपले पडद्याकडे बघत बसलो. भाची उठली, पडद्याच्या कडेला गेली, वाकून आत बघितलं आणि परत येऊन ताठ बसली. "तोंड दिसत नाही," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही पडदा. तिसऱ्या दिवशी ती बसलीच नाही. अंगणात येरझाऱ्या घालायला लागली, हात झटकत. जेवण झाल्यावर हात पुसले, पण स्टेडियमचं वाक्य आलं नाही. मला त्या न आलेल्या वाक्याचीच भीती वाटली.

म्हणून मी कर्णा आणला.

घोषणा झाल्यावर, सायकलवाल्याचा प्रश्न ऐकल्यावर, मी गल्लीला सगळं सांगितलं. हृदय, रेघ, फुगा, पाच आत, पाच बाहेर. अर्ध्या लोकांना कळलं नाही, अर्ध्यांनी लगेच गोणपाटाकडे बघून श्वास घ्यायला सुरुवात केली. आक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या भाचीजवळ आल्या. भाचीने त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "म्हशीला ताप आहे. पडद्याआधीच्या दिवशी चावताना थांबत होती. तीनच चावत होती."

आक्कांनी गोणपाट बाजूला केलं, म्हशीच्या कानाला हात लावला आणि तशाच गुरांच्या डॉक्टरकडे पळाल्या. दोन इंजेक्शनं झाली, म्हैस सुधारली, दूध परत आलं. दृष्ट मात्र आक्कांनी काढलीच, म्हशीची नव्हे, भाचीची. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. आणि त्यानंतर आक्का आमच्या सरावाच्या फौजदार झाल्या. दिवेलागणीला गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दम द्यायच्या.

"पावणं, हॉर्न वाजवू नका. म्हस शिकवायला लागलीया."

हिवाळा गेला. ज्याला सुधारणा म्हणतात ती अशी आली, की रोज बघणाऱ्यांनाही पटकन दिसली नाही. कुकर फुसफुसला की भाची उठायची, पण जिन्यावर थांबायची. छातीवर हात ठेवून उभी राहायची. "धडधडतंय," असं सांगायची. हा शब्द तिने आधी कधी वापरला नव्हता. कधी थांबून खाली यायची, कधी जायची गच्चीवर. लग्नाच्या वरातीपुढे काहीच चालायचं नाही. तेव्हा दारं-खिडक्या लावून आम्ही सगळे माजघरात. मॅडम म्हणायच्या, आवाज तिला लागतोच आहे, लागणारच. फक्त पळण्याच्या आधी आता तिला एक पायरी सापडलीय.

एका रात्री जेवण झालं. भाची हात पुसत म्हणाली, "स्टेडियमवर जायचं." ताईने ताटं उचलली, दोन पावलं गेली आणि परत येऊन ताटं खाली ठेवली.

"जाऊया," ती म्हणाली. "पण माझं ऐकायचं. गेटजवळ बसायचं. हिला नको वाटलं की तळहात वर करायचा, त्या क्षणाला बाहेर, कुणी 'थांब गं जरा' म्हणायचं न्हाय. आन् तुम्ही," ती दाजींकडे वळली, "तुम्ही तोंडातनं एक शब्द काढायचा न्हाय. गोल होऊ दे न्हायतर आभाळ पडू दे."

"न्हाय काढत," दाजी म्हणाले.

"शपथ?"

"अगं, न्हाय म्हटलं की!" दाजी ओरडले. मग स्वतःच तोंडावर हात ठेवला.

मॅचचा दिवस. कानात कापूस, त्यावर ओढणी, हातात पाण्याची बाटली. आम्ही गेटजवळच्या पायऱ्यांवर बसलो. त्या काळात स्टेडियमवर बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. माना वळल्या. पण कोल्हापूरचा माणूस चकित झाला तरी जागा देतो. आमच्यासाठी अख्खी पायरी रिकामी झाली. पुढच्या पायरीवर एक हलगीवाला होता. मी त्याला विनंती केली, "दादा, जरा पलीकडं जाऊन वाजवता का?"

"मावशी, हितं मॅच हाय, प्रवचन न्हाय."

मी भाचीकडे बोट करून दोन वाक्यांत सांगितलं. त्याने तिच्याकडे बघितलं, हलगी बगलेत मारली आणि म्हणाला, "आधी सांगायचं न्हाय व्हय?" आणि पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन दुप्पट जोराने वाजवायला लागला.

भाची मैदानाकडे बघत होती. टीव्हीवर चार बोटांएवढे दिसणारे खेळाडू पहिल्यांदाच माणसांएवढे. ती पुटपुटत होती, "सात. चार. अकरा." चौथ्या-पाचव्या मिनिटाला समोरच्या बाजूला फटाका फुटला. तिचा तळहात वर. ताई आणि ती बाहेर. दाजी गेटकडे बघत बसले. मैदानावर काय चाललंय त्यांना सांगता आलं नसतं. त्यांचा गुडघा हलत होता. मी त्यांना म्हटलं, श्वास घ्या. ते म्हणाले, "घेतोय की." घेत नव्हते.

पंधरा मिनिटं गेली असतील. गेटमधून आधी ओढणी दिसली. भाची स्वतःच्या पायांनी चालत आली, मागे ताई, तिला हात न लावता. आपल्या जागेवर बसली. "सात नंबरने पास दिला नाही," ती म्हणाली. बाहेरून, गजांमधून ती मॅच बघतच होती.

दुसरा हाफ सुरू झाला. गोल नाही. आमची पेठ तापायला लागली, शिव्यांना धार आली, शिट्ट्या वाढल्या. भाची एकदा छातीवर हात ठेवून बसली, डोळे मिटले, खांदे सावकाश वर गेले, सावकाश खाली आले. तळहात वर गेला नाही. दाजींनी खांद्यावरच्या टॉवेलचा बोळा केला आणि तोंडात धरला. त्यांच्या मानेच्या शिरा बघून मला वाटलं, आता माणसाचं काहीतरी फुटणार.

आणि शेवटाला, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, सात नंबरने पास दिला. अकरा नंबरने डाव्या पायाने बॉल जाळीत घातला.

स्टेडियम उठलं. फटाके, हलग्या, टोप्या हवेत. हलगीवाला कोपऱ्यातून नाचत आमच्या पायरीपर्यंत आला. मी गोल पाहिलाच नाही, मी भाचीकडे बघत होते. तिने दोन्ही हात कानांवर दाबले, डोळे घट्ट मिटले. ताईचा हात तिच्या खांद्याकडे निघाला आणि हवेत थांबला. भाचीचा श्वास अडकला. मग सुटला. मग परत आत गेला, सावकाश. बाहेर आला, सावकाश. आमच्या भोवती हजारो माणसं किंचाळत होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाचा श्वास बघत उभी होते.

तिने डोळे उघडले. कानावरचा एक हात काढला. थांबली. दुसरा काढला. मैदानाकडे बघितलं, अकरा नंबर कुठं आहे ते बघितलं. मग बापाकडे वळली. तेवढ्या गर्दीत एकटे दाजी खाली बसलेले, टॉवेल दातांत, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडातून आवाज नाही. भाचीने त्यांच्याकडे, त्या टॉवेलकडे नीट पाहिलं, आणि तिच्या त्या दोन गल्ल्या पलीकडे जाणाऱ्या आवाजात म्हणाली,

"पप्पा, गोल झालाय! ओरडा की!"